रक्त वाढायची बाटली

कोल्हापूर,
६ ऑगस्ट २०२४

आदितीअक्का,

जय जिनेंद्र. तुझा चुलतभाऊ जेलातनं लिहितोय. फोन हितं मोजकाच, आणि त्यो आईला करायचा असतोय, म्हणून कागद मागून घेतला. टपालात टाकायच्या आधी साहेब वाचणार. वाचू देत. लपवण्यासारखं काय न्हाय.

आईनं तुला कितपत सांगितलंय म्हाईत न्हाय, म्हणून पयल्यापास्नं सांगतो. आमच्या मळ्याच्या आणि सम्राटच्या मळ्याच्या मधनं वाट जाती, तिच्याखाली मोरी हाय. कृष्णा चढली की आमच्याकडचं पाणी त्या मोरीतनं पलीकडं उतरतं. पलीकडं सम्राटचं घर. ह्या वक्ताला त्यानं आणि त्याच्या थोरल्या भावानं, पिराजीनं, वाळूची पोती टाकून मोरी बुजवली. त्यांचं घर वाचलं, आमचा गोठा तुंबला. मी गावात बोटीवर माणसं काढायला गेलतो. परत आलो तवर गाभण म्हस दाव्यालाच मेलती. मान वर ताणल्याली, डोळं सताड उघडं. आप्पा छातीएवढ्या पाण्यात नुसतं उभं हुतं, णमोकार मंत्र म्हणत.

मी खोरं घेतलं आणि मोरीवर गेलो. पोती फाडायला लागलो. सम्राट धावत आला, गचांडी धरून म्हणाला, "पोतं हललं तर तुलाच मोरीत कोंबीन." मी म्हटलं, "कोंब की." त्यानं माझं डोसकं धरून पाण्यात दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा वर आलो आणि खोरं फिरवलं. एकच घाव. त्याची नडगी उभी फुटली. सोललेल्या उसागत पांढरं हाड दिसलं, मग रगत आलं. त्यो त्याच घाण पाण्यात पडला. बोट यायला लई येळ लागला.

गावातल्या डॉक्टरनं टाके घातलं. रस्ता पाण्याखाली, कोल्हापूरला न्ह्यायची सोय न्हाय. दुसऱ्या दिवशी पाय काळा पडला, त्याच्यावर करवंदाएवढं फोड आलं. शेवटी बोटीनं मोठ्या दवाखान्यात न्हेलं, तिथं मांडीतनं पाय कापला. आता त्यो मशीनवर हाय. पुराच्या पाण्यातला जंतू रक्तात गेलाय म्हणं.

अक्का, तू जंतूंवरच शिकलीस. लोखंडाचं आणि जंतूंचं काय तरी तू शोधतीस, असं काका सांगायचं. खोरं लोखंडाचं हुतं, गंजल्यालं. त्या गंजानं झालं काय हे? त्यो मेला तर माझ्यावर खुनाचं कलम लागतंय, असं राजवर्धन वकील म्हणालं. त्याला जगवायला काय करायला पायजे, तेवढं लिव.

अनेकांत


पुणे,
१३ ऑगस्ट २०२४

अनेकांत,

तुझं पत्र वाचून मला राग आला. जिथं राजमतीकाकू पाण्यातला बारीकसा जीवही मरू नये म्हणून हंड्याला गाळणं बांधल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही, त्या घरातला पोरगा माणसाचा पाय फोडतो. सम्राटनं मोरी बुजवली हे वाईटच. पण म्हशीचा जीव गेला म्हणून तू खोऱ्यानं हिशेब करायला गेलास. एवढं लिहून हा विषय थांबवते, कारण तू विचारलेलं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

गंजाचा संबंध नाही. तुझ्या वर्णनावरून तो जंतू पुराच्या, डबक्याच्या पाण्यात नेहमी असणारा एरोमोनास असावा. एरवी तो मासे-बेडकांच्या नादी असतो. उघड्या जखमेतून आत शिरला तर मांस खात सुटतो.

लोखंडाचं म्हणशील, तर ते गंजातलं नव्हे, रक्तातलं. आपण त्याला लोह म्हणतो. तुला-मला लोह लागतं तसं जंतूलाही लागतं. आपल्या शरीरात ते भरपूर आहे, पण मोकळं कुठेच पडलेलं नाही. रक्तातल्या प्रथिनांनी ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. त्यात जंतू शिरला, की शरीर उरलंसुरलंही कोंडून ठेवतं. शत्रूला उपाशी मारायचं.

आता जंतू काय करतो, तेच मी शोधते. त्याच्या आत एक प्रथिन असतं. लोह पुरेसं असलं की ते लोह ह्या प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन जंतूच्या काही जनुकांवर ठाण मांडून बसतं. तोवर ती जनुकं बंद. लोह संपत आलं की प्रथिन तिथून सुटतं आणि जनुकं उघडतात. ती सगळी चोरीदरोड्याची जनुकं. इवले रेणू बाहेर पाठवायचे, त्यांनी आपल्या प्रथिनांकडून लोह हिसकावून आणायचं. तांबड्या पेशी फोडणारी विषं सोडायची. म्हणजे लोह मिळेनासं झालं, ह्यावरूनच त्याला कळतं की आपण कुणाच्या तरी अंगात आहोत. उपाशी राहिला की तो मारायला लागतो.

मग तू म्हणशील, त्याला लोह दिलं तर गप्प बसेल. तसं होत नाही. पोट भरलं की चोरी थांबते, पण वंश वाढायला लागतो. एकाचे कोटी होतात, कोटींना पुन्हा लोह कमी पडतं, आणि पुन्हा तेच, कोटीपटीनं.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेव. सम्राट पांढराफटक दिसत असणार. रक्त कमी झालं की आपल्याकडे लोक लगेच लोहाची बाटली लावायला सांगतात, ती चहाच्या रंगाची, सलाइनमधून देतात ती. जंतू अंगात असेपर्यंत ती देऊ नये. डॉक्टर गरजेप्रमाणे रक्त देतील, ते वेगळं. त्याच्या घरच्यांना हे कुणी नीट समजावलंय का?

आदिती


कोल्हापूर,
२० ऑगस्ट २०२४

अक्का,

तुझं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं म्हणं. माझ्या हातात देताना म्हणालं, "तुझी बहीण भारी हाय."

तू जा. तूच जाऊन सांग. दवाखान्यात सम्राटच्या माणसांचा रोज दंगा चाललाय, असं आईनं सांगितलं. "पेशंटला रगत न्हाय आणि तुम्ही रक्त वाढायची बाटली लावत न्हाय" म्हणून पिराजीनं तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोराच्या कानफटात मारली. सम्राटची बायको, क्रांती, समजूतदार हाय. अंगणवाडी चालवती. गावातल्या दोन जिवाच्या बायकांस्नी लोहाच्या गोळ्या तीच वाटती, म्हणून तिलाबी वाटणार की रगत कमी म्हणजे लोह द्यावं. तिला एकटीला गाठ. तू कुणाची कोण ते सांगू नगंस.

त्यो जगला पायजे अक्का. हितं समोरच्या खोलीत एक माणूस हाय, त्यानं सख्ख्या मेव्हण्याला मारलंय. त्यो दिवसभर स्वतःच्या हाताचा वास घेतोय. मला तसं व्हायचं न्हाय.

अनेकांत


पुणे,
१ सप्टेंबर २०२४

अनेकांत,

मी जाऊन आले. सम्राट मशीनवरून उतरलाय. ताप कमी येतो, बोलतो. मांडीत अजून पू आहे, तो रोज काढतात. डॉक्टर म्हणाले, "अजून काही आठवडे औषध चाललं तर वाचेल." लोहाची बाटली का देत नाही, हेही त्यांनी घरच्यांना सांगितलं होतं. पण पाय कापलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यांना असलं काही ऐकू येत नाही.

क्रांतीला मी जिन्यात गाठलं. तिनं ऐकलं, उलटसुलट प्रश्न विचारले. "म्हणजे मी त्यांस्नी खाऊ घालतीया असं वाटंल, आणि खाणार त्यो जंतू?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिला पटत होतं. तेवढ्यात पिराजी वर आला आणि त्यानं मला ओळखलं. "ही तवनाप्पाची, अनेकांतच्या बापाची, पुतणी. भावानं पाय तोडला, आता बहीण औषध तोडायला आलीया." मग पुढे बोलणं झालं नाही. मी निघून आले.

दोन दिवसांनी कळलं, त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून सम्राटला घरी नेलं. शत्रूची बहीण जे देऊ नका म्हणते तेच औषध खरं, असं पिराजीनं ठरवलं. मी गेले नसते तर तो आज त्या खाटेवरच असता. हे मला झोपू देत नाही.

आणखी एक. डॉक्टरांनी जखमा सांगितल्या. एक नडगीवर, समोरून. दुसरी पोटरीवर, मागून, पहिलीपेक्षा खोल. तू लिहिलं होतंस, एकच घाव. पाण्यात पडलेल्या माणसाला तू मागून मारलंस, अनेकांत.

आदिती


कोल्हापूर,
१२ सप्टेंबर २०२४

अक्का,

सम्राट मेला. घरी न्हेल्यावर बाहेरनं डॉक्टर बोलावून बाटली लावली, आणि त्यानंतर मेला. पोलिसांनी कलम बदललं. आता मी खुनी.

आई परवा भेटायला आलती. जाळीपलीकडनं म्हणाली, "आदितीच्या कपाळाचं टाकं निघालं." मी म्हटलं, "कसलं टाकं?" मग सगळं भाईर आलं. पिराजीनं तुझं केस धरून तुला जिन्यावरनं ओढलं. स्टीलच्या डब्यानं डोसक्यात हाणलं. खाली पडलीस तर लाथा घातल्या, आणि क्रांती मधी पडली तर तिलाबी दोन बसल्या. आणि तू लिवलंस, "मी निघून आले." मी एक घाव झाकला, तू एवढं सगळं झाकलंस. फिटलं.

व्हय, दुसरा घाव मागनं घातला. त्यो उठत हुता. उठला असता तर मला बुडवला असता, असं मी पोलिसांस्नी सांगितलं. तुला सांगतो, त्यो पळायला उठत हुता.

आता ऐक. राजवर्धन वकील उड्या मारायलेत. म्हणतात, तुझी बहीण साक्षीला आली आणि बाटलीनं मेला म्हणून बोलली, तर खुनाचं कलम टिकत न्हाय. दवाखान्याचे कागद सांगतात की त्यो बरा होत हुता. म्हणजे मारला कुणी? पिराजीनं. मायेनं मारला, पण त्यानंच मारला. हे तू भरल्या कोर्टात त्याच्या तोंडावर बोल. मला त्याचं तोंड बघायचंय. त्याच्या काळजात ते असं घुसू दे, की मरेपातूर निघायचं न्हाय. तुझ्या कपाळाची शपथ.

अनेकांत


जयसिंगपूर,
६ नोव्हेंबर २०२४

अनेकांत,

मी गावाकडेच आहे. काकूनं तुला फोनवर सगळं सांगितलं नसेल. तिच्यानं बोलवत नाही.

पाडव्याच्या सकाळी तुझे आप्पा दूध घालायला डेअरीत गेले. रांगेत उभे होते. पिराजी मागून आला आणि त्यानं उजव्या खांद्यावर कुऱ्हाड घातली. कॅन कलंडली. काका खाली बसले, पडलेसुद्धा नाहीत, नुसते बसले आणि म्हणाले, "पिराजी, अरे सण आहे आज." त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली, तेव्हा रांगेतली माणसं अंगावर पडली. त्यांनी त्याला इतकं तुडवलं की पोलीस आले तेव्हा त्याचा जबडा हलत नव्हता. हे सांगणाऱ्यांच्या आवाजात आनंद होता. ऐकताना मलाही तो झाला, हे तुला लिहून टाकते.

काका वाचले. हात अंगाला आहे, पण त्यात जीव नाही. खांद्यातल्या नसा तुटल्यात, त्या जुळणार नाहीत म्हणतात.

काकूनं पाणी गाळायचं सोडलंय. गाळणं दोरीवर वाळतंय, ती हंडा तसाच भरते. मी विचारलं तर म्हणाली, "कुणाकुणाला वाचवू?"

तुझ्या वकिलांना निरोप दे. मी साक्षीला येईन. मला जे माहीत आहे ते सांगेन, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. कुणाच्या काळजात खुपसायला माझं काम वापरू नकोस. पिराजीला पोलिसांनी धरलंय, तोही आता तिथंच येईल. त्याच्या वाटेला जाऊ नकोस, आणि त्याला तुझ्या वाटेला येऊ देऊ नकोस.

आदिती


ता. शिरोळ,
१० डिसेंबर २०२४

आदितीताई,

नमस्कार. मी क्रांती. सम्राटची बायको. तुमचा पत्ता राजमतीकाकूंच्याकडनं घेतला. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, पत्ता दिला.

फोन केला असता, पण घरात फोनवर बोललेलं सगळी ऐकत्यात. म्हणून लिवते.

तुम्ही जिन्यात सांगितलेलं मला पटलंतं. तरी सही मी केली. थोरलं भाऊजी म्हणालं, "नवरा पायजे का त्या बाईचं ऐकायचं हाय?" मी सही केली. घरी आणलं. डॉक्टर आला, बाटली जोडली, निघून गेला. भिंतीला खुंटी नव्हती, म्हणून भाऊजी बाटली हातात धरून उभं राहिलं. ह्यांचं बरं चाललं हुतं. मला म्हणालं, "चहा कर, तोंडाला चव आल्यागत वाटतंय."

मग अंगात थंडी भरली. खाट हालायला लागली, चौघांनी धरलं तरी हालायची. दुसऱ्या दिवशी डोळं पिवळं, लघवी काळ्या चहागत. मांडीचं टाकं आतनं फुटलं, भिंतीवर उडालं. मी पुसलं, अजून डाग हाय. शेवटी त्यांनी मलाच वळखलं न्हाय. मला पिराजी समजून शिव्या देत गेलं.

खरं काय ते लिवा. बाटलीनं मेलं काय? मला पायजे हाय ते. मी जेलात जाऊन भाऊजींच्या तोंडावर सांगणार. त्यानं मला पांढऱ्या कपाळाची केली आणि वर त्या म्हाताऱ्याचा हात तोडून आला, मर्दागत.

आणि अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटायच्या असत्यात. माझा हात डब्याकडं जाईना झालाय. बायका विचारत्यात, काय झालं बाई?

क्रांती


पुणे,
१९ डिसेंबर २०२४

क्रांतीताई,

आधी गोळ्यांचं. त्या वाटा. आजच वाटा. निरोगी गरोदर बाईला लोह हवंच, त्याशिवाय बाळंतपणात ती आणि मूल दोघंही जिवाला मुकू शकतात. ज्याच्या रक्तात जंतू मोकाट आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका.

आता तुम्ही विचारलंत ते. तुम्ही सांगितलेल्या खुणा, थंडी, पिवळे डोळे, काळी लघवी, ह्या तांबड्या पेशी फुटल्याच्या आहेत. जंतू रक्तात पुन्हा उसळला होता. पू शिल्लक होता, औषध मध्येच थांबलं होतं आणि वरून लोह मिळालं. ह्या तिन्हींतलं कुणी किती केलं, ते कुणालाही वेगळं काढता येणार नाही. मलाही नाही. बाटली लावली नसती आणि औषध चालू राहिलं असतं, तर ते जगण्याची शक्यता जास्त होती. एवढं मी कोर्टात सांगणार आहे, तुम्हालाही तेवढंच सांगते. "बाटलीनं मेले" असं सरळ वाक्य माझ्याकडे नाही.

आणि पाय माझ्या भावानं फोडला. दोनदा. जंतूला दार त्यानं उघडून दिलं. तेही त्याच वाक्यात बसवावं लागेल.

तुम्ही पिराजीला सांगायला जाणार. मी अडवत नाही, तुमचा हक्क आहे. फक्त जाताना एवढं ध्यानात असू द्या, की तुम्ही खरं सांगायला जाताय की मारायला, हे तुम्हाला आधी माहीत असावं. माझ्या कपाळावरची खूण मला अजून रोज आरशात दिसते, आणि रोज मला त्या माणसाला मारावंसं वाटतं. तरीही हे लिहिते.

तुम्ही त्या दिवशी माझ्या अंगावर आडव्या पडलात. ते विसरणार नाही.

आदिती


कोल्हापूर,
२१ फेब्रुवारी २०२५

आदितीअक्का,

परवा तारीख हुती. माझी आणि पिराजीची एकाच दिवशी आली. हितं आमच्या बराकी वेगळ्या, म्हणून आजवर गाठ पडली नव्हती. कोर्टाच्या आवारात गाडीतनं उतरवताना एकमेकांसमोर आलो.

त्यानं सरळ झेप घेतली. दोन्ही हात बेडीत, ती बेडी माझ्या गळ्याभोवती टाकली आणि मागनं आवळली. मला पाण्यात दाबल्यागत झालं. डोळ्यापुढं काळं आलं. मी कोपर मागं हाणलं, त्याच्या मोडल्याल्या जबड्यावर लागलं, तरी त्यानं सोडलं न्हाय. तीन पोलिसांनी काठ्या घातल्या तवा सुटलो. गळ्याची कातडी निघालीया. गिळताना दुखतंय, तेवढंच.

मग जज्जसाहेब दुसरी केस ऐकत हुते, तवर आमाला एका बाकड्यावर दोन टोकाला बसवलं, मधी दोन शिपाई. त्याच्या तोंडातनं रगत आणि लाळ गळत हुती. त्यो खाली बघतच बोलला.

"क्रांती आलती. म्हणती, बाटलीनं मेला. तुझ्या बहिणीनं लिवलंय म्हणं. खरं हाय काय रं?"

अक्का, ह्याच घटकेची मी वाट बघत हुतो. सप्टेंबरपास्नं रोज डोळं मिटून मी हेच त्याला सांगत हुतो. आप्पांचा हात आठवून, तुझं कपाळ आठवून. तोंडापर्यंत आलतं. आणि त्यो पुढं बोलला, "मी हातात धरून उभा हुतो. हाताला कळ लागली तरी खाली केली न्हाय. म्हटलं, धार तुटाय नको."

हे बोलताना त्यानं बेडीतला हात वर धरला, अजून बाटली धरल्यागत.

मी म्हटलं, "न्हाय."

त्यो माझ्याकडं बघाय लागला.

मी म्हटलं, "न्हाय, पिराजी. मी मारला. पयला घाव घातला तवा त्यो मला बुडवत हुता. दुसरा घातला तवा पळत हुता. मागनं घातला. त्या घाण पाण्यातला जंतू तवाच आत गेला. तुझ्या बाटलीच्या आधी किती दिवस त्यो आत हुता."

"म्हणजे मी न्हाय?"

"तू न्हाय."

त्यानं डोसकं गुडघ्यात घातलं आणि असा आवाज काढला, की शिपाई उठून उभं राहिलं. मी आजवर माणसाचा तसला आवाज ऐकला न्हाय. सम्राटनंबी घाव लागल्यावर तसला काढला नव्हता.

मी खोटं बोललो का, ते तू ठरव. तू म्हणशील, वेगळं काढता येत न्हाय. न्हाय आलं तर न्हाय. मी माझ्या अंगावर घेतलं.

राजवर्धन वकिलांस्नी सांगितलंय, बाटलीवरनं केस लढवायची न्हाय. ते भडकलं. म्हणालं, "सात-आठ वर्षांत सुटशील, त्याचं जन्मठेपेवर जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. तुला कोर्टानं बोलावलं तर ये आणि खरं ते सांग. विचारलं तेवढं सगळं सांग. तुझं काम झाकायला मी सांगणार न्हाय. पण बाटली कुणी धरलीती, त्याचं नाव माझ्या बाजूनं कुणी काढायचं न्हाय.

परत येताना आमाला एकाच गाडीत घातलं, जाळीच्या दोन अंगाला. टाउन हॉलपाशी गाडी अडकली. उसाच्या ट्रॉल्या चालल्या हुत्या. पिराजीनं जाळीतनं विचारलं, "तुझ्या आप्पांचा हात कसा हाय?"

 मी म्हटलं, "भात कालवता येत न्हाय. आई भरवती."

त्यानं मान हलवली. गाडी निघाली.

अनेकांत